खालचं पाणी ओळखणारी रूथ

निशाचा फोन आला तेव्हा मी सरोजिनी नगरच्या बाजारात उशांचे अभ्रे बघत होते. भर दुपार, पाय ठेवायला जागा नाही, शेजारचा दुकानदार घसा ताणून ओरडत होता, आणि त्या गलक्यात निशा म्हणाली, "मावशी, आत्या गेली." मला स्पष्ट ऐकू आलं होतं, तरी मी "काय?" म्हणाले. तिने तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. फोन कानाला तसाच लावून मी गर्दीतून चालत राहिले आणि बाजार संपला तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

निशा ही रूथच्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी लवकर गेले, रूथने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे निशाला तिनेच वाढवलं. दुसऱ्या दिवशी दफन होतं. दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी जमली होती, पाळकांनी मराठीतून प्रार्थना म्हटली, कुणीतरी हलक्या आवाजात गाणं धरलं. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते आणि नको म्हणत असतानाही नजर तळाकडे जात होती. वरची माती फिकी, कोरडी होती. खाली खाली ती काळपट होत गेली होती आणि अगदी तळाशी, खणणाऱ्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते तिथे, आम्ही प्रार्थना म्हणत असतानाच पाणी जमायला लागलं. फार नाही. टाचेच्या खळग्यात आरशाच्या तुकड्याएवढं. निशाने माझा हात घट्ट धरला. "आत्याने उंचावरची जागा बघायला सांगितलं होतं," ती कुजबुजली. "मी विचारलं इथे. ते म्हणाले, मॅडम, अब जो है यही है." पेटी खाली सोडली तेव्हा जो आवाज झाला तो मातीवर लाकूड टेकल्याचा नव्हता. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. तिथे जमलेल्यांपैकी किती जणांना तो कळला, माहीत नाही. रूथला मात्र नक्की कळला असता.

रूथ पाडळे आणि मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कितीतरी वर्षं एकाच जिन्यावर राहिलो. ती वर, मी खाली. मी एका मंत्रालयात अनुवादक, ती भूजलाशी संबंधित एका खात्यात शास्त्रज्ञ. मूळची नगरकडची. वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. उंच, हाडापेराने मजबूत, साडीखाली पुरुषी बूट घालून फिरणारी ही बाई पहिल्यांदा दिसली तेव्हा जिन्यातली सगळी मुलं तिला घाबरली होती. पुढे तीच मुलं सुट्टीत तिच्याकडे पत्ते खेळायला जायची आणि परत येऊन तक्रार करायची की रूथ आंटी रमीत चीटिंग करते. करायचीच. उघडपणे करायची आणि पकडली गेली की गडगडाटी हसायची. स्वयंपाक तिला आमटीपलीकडे येत नव्हता, पण ती आमटी अशी, की आमच्या घरी पाहुणे आले की मी पातेलं घेऊन वर जायची.

तिच्या कामाशी माझा संबंध आला तो एका शब्दामुळे. घातक कचऱ्याबद्दलचे काही नियम हिंदीत करायला माझ्या टेबलावर आले होते आणि मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. संध्याकाळी मी वर गेले. ती गॅसजवळ उभी होती, ढवळता ढवळता सांगत होती. रंगाच्या कारखान्यातला गाळ, धातू धुऊन उरलेलं आम्ल, औषधांच्या कारखान्यात पिंपाच्या तळाशी राहतं ते. "मग त्याचं करतात काय?" मी विचारलं. "जाळता येतं ते जाळतात. बाकीचं जाड चादरीत गुंडाळून, चिकणमातीचे थर देऊन पुरतात. आणि मग भोवती विहिरी खणून बघत बसतात, कुठे गळतंय का ते."

"किती वर्षं बघायचं?"

"कागदावर काही दशकं. पण त्या पिंपांना कुठे वाचता येतं?"

मग तिने मला विचारलं, मराठीत ह्याला काय म्हणतात. मी म्हटलं, विल्हेवाट. तिने तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. "वाट लागते खरी," ती म्हणाली. "विल्हे काही लागत नाही. वीणा, जमिनीत आपण काही संपवत नाही ग. फक्त दिसेनासं करतो."

त्यानंतर काही वर्षांनी ते खाणीचं प्रकरण सुरू झालं. दिल्लीच्या दक्षिणेला, गुरुग्रामच्या पलीकडे अरवलीच्या टेकड्यांमध्ये दगडाच्या जुन्या खाणी बंद होऊन पडल्या आहेत. त्यातल्या एका खाणीत कारखान्यांचा घातक कचरा पुरायचा प्रस्ताव होता. खाणीलगतच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना आता त्या ओळखीचा कंटाळा आलाय. नियम असा होता की खड्ड्याचा तळ आणि खालच्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांच्यात पुरेसं कोरडं अंतर पाहिजे. आणि त्या खाणीखाली पाणी फारच खोल होतं. कारखाने आणि टँकरवाल्यांनी वर्षानुवर्षं उपसून उपसून ते पाताळात नेलं होतं. म्हणजे जागा नियमात बसत होती. जिथे पाण्याचा सगळ्यात जास्त नाश केला होता, तीच जागा पाण्यासाठी सगळ्यात सुरक्षित ठरत होती. रूथ तपासणी समितीत होती.

एका शनिवारी ती मला म्हणाली, "चल, तुला एक गंमत दाखवते." माझे यजमान दौऱ्यावर होते, मी निघाले. खाणीच्या कडेला भरपाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचं घर होतं. हरियाणातलं हे नाव, म्हणजे ‘आता पुरे झालं’, चार मुलींनंतर पाचवी झाली म्हणून आईवडिलांनी ठेवलेलं. तिच्या अंगणात एक बंद पडलेली बोअरवेल होती. नुसता लोखंडी पाइप जमिनीतून गुडघाभर वर आलेला, आणि त्याच्यावर पितळेची थाळी पालथी घातलेली. थाळीपाशी उदबत्तीची राख होती. आम्ही खाटेवर बसून ताक पीत असताना ती थाळी वाजली. कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, अंगणात आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं. ती हलकेच उचलली जायची आणि खाली बसायची, उचलली जायची आणि खाली बसायची. भरपाईने डोक्यावरून ओढणी पुढे घेतली. "सांस ले सै," ती म्हणाली. "सुबह भीतर ने खींचै, दोपहरी में छोड़ै."

मी पाय खाटेवर ओढून घेतले. रूथ मात्र उठली, थाळी बाजूला केली आणि आपला रुमाल पाइपच्या तोंडावर धरला. रुमाल शिडासारखा फुगला. तिने मला बोलावलं आणि माझा तळहात तिथे धरायला लावला. आतून थंड, ओलसर, एकसारखी हवा येत होती, झोपलेल्या माणसाच्या नाकातून यावी तशी. रूथने समजावून सांगितलं. दुपारी बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून खालच्या खडकाच्या पोकळ भेगांमधली हवा वर येते, सकाळी दाब वाढतो तेव्हा ती आत ओढली जाते. अगदी साधी गोष्ट आहे. भरपाई ऐकत होती. "तो भूत कोनी?" तिने विचारलं, म्हणजे भूत नाही का. रूथ म्हणाली, "नहीं ताई, भूत नहीं है." आणि मग गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "भूत असतं तर बरं झालं असतं. ह्याचा अर्थ कळला ना तुला? तो सगळा डोंगर आतून पोकळ आहे, भेगांनी एकमेकाला जोडलेला. दिवसातून दोनदा त्याच्यातून हवा फिरते. आणि जिथून हवा फिरते तिथून पाणीही फिरतं. अशा डोंगराच्या डोक्यावर आपण विष ठेवणार."

समितीच्या बैठकीत तिने हेच मांडलं. त्याहून मोठा मुद्दा तिने वेगळाच काढला होता. त्याच भागात नव्याने बोअर खणायला बंदी येत होती, जुन्या बंद करायच्या होत्या, पावसाचं पाणी मुरवायची योजनाही मंजूर झाली होती. भूजल वाचवायचे नियमच ते. "सर," ती तिथल्या अध्यक्षांना म्हणाली होती, "एका फाइलीत आपण पाणी वर आणतोय. दुसऱ्या फाइलीत ते कायम खालीच राहणार असं धरून चाललोय. दोन्ही फाइली ह्याच मजल्यावर आहेत." अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, मॅडम, पाणी वर येईल तेव्हा बघू. नियमात सर्वांत वरची पातळी असं लिहिलंय, ती कुणाच्या हयातीतली, असं तिने विचारलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती. तिला एक प्रकारचं नवल वाटत होतं. भरपाई लग्न होऊन आली तेव्हा त्या गावात विहिरीत वाकून हाताने लोटा भरता यायचा. समितीच्या कागदांत त्या काळाची नोंदच नव्हती, म्हणून तो काळ झालाच नव्हता.

मग तिने रंग टाकायचं ठरवलं. खालचं पाणी कुठून कुठे जातं हे पाहायची ही जुनी पद्धत आहे. नारिंगी-लालसर पूड असते, पाण्यात पडली की हिरवीगार चमकते, आणि माणसाला तिचा काही अपाय नसतो. खाणीच्या तळाशी एक बोअर होती, त्यात तिने रीतसर परवानगीने तो रंग ओतला, वरून टँकरभर पाणी सोडलं, आणि भोवतालच्या सगळ्या विहिरी-हातपंपांवर लक्ष ठेवलं. भरपाईच्या गावात, उताराकडच्या वस्तीत, शेतांमध्ये. काही दिसलं नाही. महिने गेले, काही दिसलं नाही. तिच्या बरोबरीचे लोक थट्टा करायला लागले, मॅडमचा रंग उडाला म्हणून. जागेला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि रूथला कसल्याशा अहवालांच्या विभागात हलवलं. ती वर येता-जाता माझ्याकडे थांबायची, चहा घ्यायची, पण मधेच बोलणं तोडून फरशीकडे बघत राहायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "एवढा रंग. गेला कुठे?" मला वाटतं त्या दिवसांत ती पहिल्यांदा घाबरली. आपण चुकलो असू याची भीती तिला नव्हती. ती म्हणायची, रंग हरवत नाही, तो खाली कुठेतरी चालतोय आणि मला तो दिसत नाहीये, एवढंच.

खाणीत अस्तराची चादर यायच्या आधीचा तो पावसाळा दांडगा झाला. पाऊस संपून हवेत थोडा गारवा आला होता. निशा तेव्हा गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. रविवारी ती घरी आली आणि जेवताना मोबाइल पुढे करून म्हणाली, "आत्या, हे बघ ना, काय क्रेझी आहे. माझ्या ऑफिसमधल्या मुलीच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये एलियन्स आलेत." मी तिथेच होते. व्हिडिओत एक अंधारा पार्किंगचा मजला होता, भिंतीलगत पाणी साचलेलं, गाडीच्या दिव्याचा झोत त्यावर पडला होता आणि ते पाणी हिरवं दिसत होतं. शेवाळाचं हिरवं नाही. आतून उजेड असल्यासारखं. मागे कुणीतरी हसत होतं, "अरे यार, भूतिया है." रूथने घास खाली ठेवला. तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. "चल," ती निशाला म्हणाली. "जेवून तरी घे," मी म्हटलं. तोवर ती बूट घालत होती.

ती सोसायटी खाणीपासून खूप लांब होती, आणि रूथने ज्या दिशेला लक्ष ठेवलं होतं तिच्या अगदी उलट बाजूला. वर हिरवळ, कारंजी, पोहण्याचा तलाव, लॉबीत अत्तराचा वास. गार्डने वर फोन करून विचारलं आणि आम्हाला सोडलं. लिफ्टने आम्ही खाली खाली गेलो. सगळ्यात खालच्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा हवा बदलली. तिथल्या गाड्या लोकांनी हलवल्या होत्या. रिकामे चौकोन, आकडे लिहिलेले खांब, आणि लांबच्या भिंतीपाशी पंपाचा धापा टाकल्यासारखा आवाज. भिंतीच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. खळखळ नाही, थेंबही नाही. नुसती भिंत ओली होत होती, कपाळावर घाम यावा तशी, आणि पायथ्याशी ते साचत होतं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर गढूळ पाण्याला किंचित झाक होती, एवढंच. रूथने पर्समधून एक लहानसा निळा दिवा काढला, खाली वाकली आणि पाण्यावर धरला.

ते पाणी पेटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. भिंतीवरून उतरणारी एकेक रेघ हिरवी उजळली, जणू भिंतीच्या आत शिरा होत्या आणि कुणी त्या आत्ता आखल्या. निशा माझ्यामागे सरकली. गार्ड हळूच म्हणाला, "मॅडम, ये क्या है?" रूथ उकिडवी बसली होती, तिच्या चेहऱ्यावर तो हिरवा उजेड पडला होता, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखत असूनही त्या क्षणी तो चेहरा मला अनोळखी वाटला. "माझा आहे," ती म्हणाली. मग गार्डकडे वळून, अगदी सौम्यपणे, "डरने की बात नहीं भैया. मैंने डाला था. बहुत दूर." तो आणखी एक पाऊल मागे गेला.

परत येताना महामार्गावर आल्यावर रूथ म्हणाली, "खाली जाईल असं वाटलं होतं मला. आडवं गेलं ते. मी सगळ्या चुकीच्या विहिरींवर बसले होते." थोड्या वेळाने म्हणाली, "रंग होता म्हणून दिसला. तो गाळ असता तर भिंत नुसती ओली झाली असती. लोकांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं असतं."

त्या हिरव्या भिंतीने खाणीचा प्रस्ताव थांबवला. रीतसर नमुने घेतले, दोन प्रयोगशाळांनी तोच रंग असल्याचं सांगितलं, आणि उंच इमारतींत राहणाऱ्या माणसांच्या बेसमेंटमध्ये हे येऊ शकतं म्हटल्यावर ज्या फाइली हलत नव्हत्या त्या पळायला लागल्या. मी पेढे आणले. रूथने एक खाल्ला आणि बाकीचे जिन्यातल्या मुलांना वाटून टाकले. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. पण ती म्हणाली, "कचरा तर तयार होतोच आहे ना, वीणा. रोज. त्याला आता जागा नाही. मग तो जाईल कुठे?"

तो कुठे गेला हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. भरपाईने नातीकरवी फोन करून बोलावलं होतं. बंदीच्या नियमाप्रमाणे त्या भागातल्या जुन्या बोअर एव्हाना बंद केल्या होत्या. तिच्या अंगणातल्या पाइपवरही सिमेंटचं झाकण होतं, पण त्याला बारीकशी भेग गेली होती आणि बोअर त्यातून अजून श्वास सोडत होती. भरपाईने आम्हाला लांबूनच दाखवलं, ती आता जवळ जात नव्हती. रूथने गुडघे टेकले आणि भेगेपाशी नाक नेलं, आणि लगेच डोकं मागे घेतलं. मग मी वाकले. गोड वास होता. पिकलेल्या फळांसारखा, नेलपॉलिशसारखा, घशाच्या मागे चिकटून राहणारा. कुठल्या तरी आवारात, कुठल्या तरी बंद म्हणून नोंदलेल्या बोअरचं झाकण कुणीतरी काढलं होतं आणि टँकरने आत काहीतरी सोडत होतं. बंद बोअरकडे कुणी बघत नाही. पाणी वाचवण्यासाठी बंद केलेली ती तोंडं, जागा न उरलेल्या कचऱ्याने शोधून काढली होती. "पहले तो बस हवा थी," भरपाई म्हणाली. "इब यो बीमार सै." रूथ तिच्या खाटेवर बसली आणि किती तरी वेळ तिने भरपाईचा हात हातात धरून ठेवला.

त्यानंतरची तिची वर्षं मी बघितली आहेत. तिने तक्रारी केल्या, पथकं नेली, एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये फरशीखाली उघडं तोंड सापडलं, तो कारखाना बंद झाला, खटला चालू आहे. त्या गावाला लांबून नळाचं पाणी आलं, त्यासाठी ती ज्या ज्या खोल्यांबाहेर ताटकळली त्या मी मोजल्या नाहीत. भरपाई त्या नळाचं पाणी पिऊन गेली, म्हातारपणाने. पण जे खाली गेलं होतं ते काढता येत नाही, हे रूथ कुणापासून लपवत नसे. शाळेतल्या मुलांनाही सांगायची. आणि मग तिने एक गोष्ट केली जी तिच्या चळवळ्या मित्रांना आवडली नाही. कचरा पुरण्यासाठी योग्य जागा शोधण्याचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं. डोंगरांपासून दूर, घट्ट चिकणमातीची, जिथे खालचं पाणी वर आलं तरी अंतर राहील अशी जागा. ती सापडली. तिथेही माणसं होतीच. जनसुनावणीला एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी राहिली आणि तिने रूथला विचारलं, "आप अपने घर के नीचे रखोगी?" रूथ म्हणाली, "नहीं." मग ती म्हणाली, "कोई नहीं रखेगा. इसलिए मैं हर साल आके देखूँगी." घरी आल्यावर ती उशिरापर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिली. "कुणाच्या तरी उशाखाली ठेवून आले," एवढंच बोलली. पण शब्द तिने पाळला. निवृत्तीनंतर ती निशाकडे गुरुग्रामला राहायला गेली, गुडघे दुखायला लागले, तरी दर थंडीत टॅक्सी करून त्या जागेभोवतीच्या विहिरी पाहायला जायची. ती बाई पुढे रूथला जेवायला घालायची, असं निशा सांगते.

शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. कशामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही आणि रूथने मला अंदाज बांधू दिला नाही. "प्रत्येक गोष्टीची गोष्ट करू नकोस," ती म्हणाली. शेवटची भेट झाली तेव्हा ती खिडकीशी बसली होती, हात सुजलेले, पत्ते धरता येत नव्हते. तरी आम्ही एक डाव खेळलो आणि तिने माझे पत्ते बघितले.

आता दोन महिने होत आले. गेल्या आठवड्यात निशाने मला बोलावलं. ती नोकरीसाठी पुण्याला जातेय, फ्लॅट रिकामा करायचा होता. कपडे, पुस्तकं, भांडी, सगळं मार्गी लागलं होतं. "एका रूमचं काय करू कळत नाही, मावशी," ती म्हणाली आणि तिने मागच्या छोट्या खोलीचं दार उघडलं. मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. रूथ तिला अडगळ म्हणायची. तिथे अडगळ नव्हती. पडदे ओढलेले होते आणि तिन्ही भिंतींना लागून रॅकवर काचेच्या बाटल्या होत्या, तपकिरी काचेच्या, बूच मेणाने बंद केलेल्या. प्रत्येकीत पाणी. प्रत्येकीवर रूथच्या अक्षरात एका विहिरीचं नाव. त्यातली बरीच नावं मला माहीत होती. त्या विहिरी आता नाहीत. बुजल्या, किंवा वर मॉल झाले, किंवा सिमेंटखाली गेल्या. त्यांचं पाणी तेवढं इथे होतं, सोळाव्या मजल्यावर, अंधारात, हललेलं नाही.

निशाने दिवा लावला. बाटल्यांच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर, दव जमलं होतं.

"काही काही साफ आहेत," निशा म्हणाली. "काहींवर तिने लाल खूण केलीये. मी एक किचनमध्ये नेली होती सिंकमध्ये ओतायला. मग थांबले." ती माझ्याकडे बघत होती. रूथचे डोळे होते ते. "मावशी, हे कुठे ओतायचं?"

सिंकमधून नाली, नालीतून नाला, नाल्यातून पुन्हा जमीन. मी मनातल्या मनात सगळ्या वाटा चालून पाहिल्या. बागेत नाही. रस्त्यावर नाही. प्रयोगशाळेत फोन केला तर ते विचारतील कुणाचं आहे, कशासाठी आहे, आणि शेवटी तेही कुठेतरी ओततील.

"राहू दे," मी म्हटलं.

निशाने सिंकजवळची ती बाटली परत आणून तिच्या जागी ठेवली. रॅकवरच्या धुळीत तिचा गोल ठसा होता, त्यात ती बरोबर बसली. आम्ही दिवा मालवला, दार ओढून घेतलं. पुण्याला जायचं निशाने तूर्त पुढे ढकललं आहे.